कार्ड दुकानदाराचं दिलंत, व्यवहारही दुकानदाराशी करावा तसा करा

सभासद-कार्डावर माल विकणाऱ्या घाऊक गोदाम-दुकानांच्या व्यवस्थापनास खुले पत्र

स.न.वि.वि.

बदलापुरात आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि मिस्टर चालवतो. माझ्याकडे तुमच्यापैकी दोन कंपन्यांची कार्डं आहेत. कुणाचंच नाव घेत नाही, कारण जे सांगायचं आहे ते दोन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखंच आहे. शेजारच्या अंबरनाथ-कर्जतच्या दुकानदारांशी बोलले, तर त्यांच्याही तोंडी तेच. तुमच्या काउंटरवरच्या मुलांना हे सगळं सांगून झालं. ती बिचारी ऐकून घेतात आणि म्हणतात, "मॅडम, सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही." म्हणून ज्यांच्या हातात ती सिस्टिम आहे त्यांना हे पत्र.

आधी चांगलं सांगते, आणि मनापासून सांगते. वाशीच्या दाणा मार्केटमध्ये किंवा मसाल्यासाठी मस्जिद बंदरला मी एकटी गेले की पेढीवरचा पहिला प्रश्न असतो, "शेठ नाही आले?" भाव विचारला तर सांगतात, पण खरा भाव मिस्टरांचा फोन गेल्यावर निघतो. तुमच्याकडे कार्ड माझ्या नावावर आहे. ट्रॉली मी ढकलते, भाव मी वाचते, दोन ब्रँड शेजारी ठेवून पडतर, म्हणजे माल शेवटी आपल्याला कितीला पडतो ते, मी काढते. कुणाच्या तोंडाकडे बघून भाव ठरत नाही. वजनात खोट नाही, बिल स्वच्छ, बसायला नाही पण निदान स्वच्छतागृह आहे. बाजारात दिवसभर फिरणाऱ्या बाईला विचारा या शेवटच्या गोष्टीची किंमत काय ते. आमच्या भागातल्या कितीतरी बायका तुमच्या दुकानांमुळे खरेदीला स्वतः जायला लागल्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

हे सगळं मान्य करून मुद्द्यावर येते. मुद्दा एकच आहे: तुम्ही आमच्याकडून गुमास्ता लायसन्स मागता, जीएसटी नंबर मागता, अन्न परवाना मागता, आम्ही व्यापारी आहोत याची खात्री करून घेता, मगच दार उघडता. दाराच्या आत गेल्यावर मात्र आमच्याशी व्यवहार होतो तो मॉलमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाशी होतो तसा. आणि मॉलमधल्या गिऱ्हाइकाला कायद्याने जे संरक्षण आहे, ते आम्हाला नाही.

हा शेवटचा भाग बऱ्याच दुकानदारांनाही माहीत नसतो, म्हणून नीट लिहिते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक कोण याची व्याख्या आहे, आणि पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा माणूस त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. घरगुती गिऱ्हाइकाला दुकानदाराने सदोष माल परत घ्यायला नकार दिला तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, ग्राहकांसाठीच्या १९१५ या नंबरवर फोन करता येतो. मी तुमच्याकडून घेतलेल्या मालाची तक्रार घेऊन तिथे गेले तर मला दारातूनच परत पाठवतील. उलट तोच माल माझ्या फळीवर असताना त्याची मुदत संपली आणि तो माझ्या हातून विकला गेला, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जबाबदार मी. म्हणजे वरच्या बाजूला मला ग्राहकाचा हक्क नाही आणि खालच्या बाजूला सगळी जबाबदारी माझी. मधे जे काही आहे ते फक्त तुमच्या अटी. म्हणून त्या अटींबद्दल एवढं तळमळून लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यातलं सांगते. क्रीम बिस्किटांवर स्कीम होती. तीन पेट्या घेतल्या तर भाव बराच खाली. पेट्या रॅकच्या तळाला रचलेल्या, एकावर एक, प्लास्टिकच्या पट्ट्या मारलेल्या. तारखेचा शिक्का पेटीच्या ज्या बाजूला असतो ती बाजू आत भिंतीकडे. भावाच्या पाटीवर स्कीम लाल अक्षरात, तारीख कुठेच नाही. टेम्पोवाला घाई करत होता, पेट्या चढल्या, घरी आल्या. दुकानात पेटी फोडली, वरचा पुडा उलटा केला, तर मुदत संपायला जेमतेम पाच आठवडे. तसलं महागडं बिस्किट आमच्याकडे रोजचं नाही. पारले घेणारं गिऱ्हाईक दहा असतील तर हे घेणारं एक. एक पेटी संपायला महिना जातो, तीन पेट्यांना तीन. दुसऱ्याच दिवशी दोन न फोडलेल्या पेट्या आणि बिल घेऊन परत गेले. उत्तर मिळालं की स्कीमचा माल परत होत नाही. मी म्हटलं, बदलून द्या, दुसरा कुठलाही माल द्या, पैसे नकोत. तेही नाही. शेवटी निम्मी बिस्किटं पडत्या भावाने काढली, उरलेली शाळेच्या बालवाडीत वाटली, तारखेच्या आत. स्कीममध्ये वाचलेले पैसे गेलेच, वर पदरचे गेले.

हे एका पेटीचं रडगाणं नाही. बारक्या दुकानदाराचं भांडवल फार तर दीड-दोन महिन्यांच्या मालाचं असतं. त्यातला दहावा हिस्सा जरी अंगावर पडला तरी पुढच्या आठवड्याची खरेदी अडते. तुमच्या गोदामात मुदत संपत आलेला माल ही हिशोबातली एक ओळ असते, ती खाली आणायची म्हणून भाव पाडून विकता. तो माल नाहीसा होत नाही. तो आमच्या फळीवर येऊन बसतो आणि तोटा तुमच्या वहीतून आमच्या वहीत येतो.

एजन्सीचा माल घेतला की असं होत नाही, हेही खरं. कंपनीच्या वितरकाचा सेल्समन आठवड्याला येतो, फुटका, ओला झालेला, मुदत संपत आलेला माल वहीत लिहून घेतो आणि महिना-दोन महिन्यांनी पुढच्या बिलातून वळता करतो. त्याच्या मागे लागावं लागतं, कधी निम्म्यावर बोळवण होते. पण ते पैसे मिळायचे आहेत हे त्यालाही मान्य असतं. तुमचा भाव त्याच्यापेक्षा कमी असतो म्हणून आम्ही तुमच्याकडे वळलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका मोठ्या टूथपेस्ट कंपनीच्या काही मालाचा पुरवठा रोखला होता, तो याच भांडणातून. घाऊक कंपन्यांना वेगळा भाव आणि वितरकांना वेगळा का, हा त्यांचा सवाल होता. तेव्हापासून आमच्या गल्लीत येणारे सेल्समन कमीच होत गेले आहेत. दर सोमवारी येणारा आता पंधरवड्याने येतो, एक तर आता फक्त फोनवर ऑर्डर घेतो. आम्हाला मागे फिरायची वाट अशी अरुंद होत चालली आहे. म्हणूनच जे काम एजन्सीवाला करत होता ते तुम्ही अंगावर घेतलं पाहिजे. नुसता भाव घेऊन जबाबदारी सोडून देता येणार नाही.

आणि हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन माल पोचवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना खाद्यपदार्थाची निदान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असली पाहिजे. घरात बसून एक पुडा मागवणाऱ्या माणसाला ४५ दिवस मिळतात, आणि जो तो पुडा फळीवर ठेवून महिनाभराने विकणार आहे त्याला पाच आठवडे! माझं म्हणणं आहे की आम्हाला किमान निम्मी मुदत शिल्लक असलेलाच माल नेहमीच्या रॅकवर ठेवा. त्याहून कमी असेल तर तो वेगळ्या रॅकवर ठेवा, खुशाल स्वस्तात द्या, पण भावाच्या पाटीवर भावाएवढ्याच मोठ्या अक्षरात तारीख लिहा. शाळेपाशी दुकान असलेला, रोज चाळीस पुडे विकणारा दुकानदार तो माल आनंदाने नेईल. आमच्यासारखा नेणार नाही. ठरवू द्या ज्याचं त्याला.

माझा धाकटा दीर न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिकडे कॉस्टको या तुमच्यासारख्याच सभासद-कार्डाच्या दुकानात वर्षाचं शुल्क भरून घरगुती माणसंही खरेदी करतात. त्याने घेतलेली सतरंजी चार महिन्यांनी परत केली, बिलही मागितलं नाही, कार्डावर सगळी नोंद होती. मला वाटायचं, अमेरिकेतलं श्रीमंतांचं काम आहे ते. मग त्याच्याकडून आणि थोडं वाचून कळलं की या धंद्याची सुरुवातच आमच्यासारख्यांसाठी झाली. सोल प्राइस नावाच्या माणसाने १९७६ मध्ये सॅन डिएगोत विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब उघडला, तेव्हा वर्षाला २५ डॉलर घेऊन फक्त छोट्या व्यावसायिकांना आत सोडत. घरगुती सभासद नंतर आले. १९९३ मध्ये तो क्लब आणि कॉस्टको एक झाले. तिथे आजही साधारण चार हजारच जिन्नस ठेवतात आणि खरेदीभावावर १४-१५ टक्क्यांपेक्षा जास्त चढवायचं नाही असा नियम पाळतात. नफ्याचा मोठा भाग मालातून नाही, सभासद-शुल्कातून येतो. त्यामुळे सभासद पुढच्या वर्षी टिकला पाहिजे, ही कंपनीचीच गरज. तुमच्याकडे आम्हाला कार्ड फुकट मिळतं. हवं तर फुकट देऊ नका. वर्षाला हजार रुपये घ्या, मी देईन, माझ्या ओळखीतले बरेच जण देतील. पण मग न फोडलेला माल पंधरा दिवसांत परत घ्या. सगळी खरेदी कार्डावर नोंदलेली असते, कुणी गैरफायदा घेतला तर तुम्हाला लगेच दिसेल, त्याचं कार्ड बंद करा.

आता भावाच्या पाटीबद्दल. मोठ्या आकड्यात ४२०, खाली बारीक अक्षरात कर धरून ४४१. ज्यांना करावरचं क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर स्वतःच्या करातून वजा करता येतो, त्यांना ४२० हा आकडा कामाचा आहे. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कर-योजनेत आहोत. दीड कोटीच्या आत उलाढाल असलेले माझ्यासारखे पुष्कळ दुकानदार तसेच आहेत. आम्हाला ते क्रेडिट नाही, आमची पडतर ४४१ च. ट्यूबलाइटच्या उजेडात, वरच्या रॅककडे मान वर करून, चष्मा पुढे-मागे करत ती खालची ओळ वाचणारी साठीतली माणसं मी रोज बघते. दोन्ही आकडे एकाच मापाचे छापायला काही खर्च येत नाही.

कराचा विषय निघाला आहे तर मागच्या वर्षीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला आणि २२ सप्टेंबरपासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. चांगलंच झालं, गिऱ्हाइकाला स्वस्त मिळालं. पण माझ्या फळीवर होता तो १८ टक्के कर भरून घेतलेला माल. घटस्थापनेच्या सकाळीच गिऱ्हाईक पेपरातली जाहिरात घेऊन दारात. रोजच्या माणसांना नाही कसं म्हणायचं? भाव उतरवले. क्रेडिट नसल्यामुळे तो फरक पूर्ण आमच्या खिशातून गेला. आमच्या दोन एजन्सींनी जुन्या साठ्याची यादी मागवली आणि फरकाचा बराच भाग पुढच्या बिलात वळता केला. तुमच्याकडे विचारलं तर कुणाला विचारायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. तुमच्याकडे तर एजन्सीपेक्षा पक्की नोंद आहे: कुणी, कुठल्या तारखेला, कुठला जिन्नस, किती नेला, सगळं. ज्या दुकानदाराने कर उतरायच्या आधीच्या महिन्यात माल नेला त्याला फरक देणं ही तुमच्यासाठी एका दिवसाची हिशोबाची गोष्ट होती. कंपन्यांकडून तुम्हाला तो फरक मिळाला की नाही हे मला ठाऊक असण्याचं कारण नाही. निदान दारावर एक सूचना लावून "मिळणार" किंवा "मिळणार नाही" एवढं तरी सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी कर किंवा छापील किंमत उतरली तर काय होणार, ते आत्ताच लेखी ठरवा.

तांदळाबद्दल थोडंच. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला आणि २६ किलो, ३० किलोच्या गोण्या बाजारात आल्या. तुमच्याकडेही त्याच असतात, शिवलेल्या. वाशीला दलाल गोणीत टोकदार नळी खुपसतो, ओंजळीत तांदूळ पाडतो. आपण तो तळहातावर चोळायचा, कणी किती आहे बघायची, एक दाणा दाताखाली धरायचा, जुना आहे का नवा ते कळतं. तुमच्याकडे फक्त गोणीवरचं चित्र. कोलम विकणाऱ्या दुकानात तांदळावर विश्वास बसला तर गिऱ्हाईक बाकीचा महिना भरतं, आणि तांदूळ चिकट निघाला तर डाळही दुसरीकडून घेतं. प्रत्येक जातीच्या गोणीशेजारी एक परात ठेवा, त्याच लॉटचा तांदूळ घाला. बस.

एक गोष्ट लिहू की नको असं करत होते. रविवारी तुमच्याकडे गेलं की आमच्याच सोसायटीतली चार घरं ट्रॉली घेऊन फिरताना दिसतात. कुणाच्या तरी ओळखीच्या कार्डावर. त्यांना मी दोष देत नाही, महागाई सगळ्यांनाच आहे. पण परकीय गुंतवणुकीच्या धोरणात घाऊक व्यापाराची व्याख्याच अशी आहे की माल व्यापाऱ्याला, संस्थेला विकायचा, घरगुती वापरासाठी नाही, आणि घेणाऱ्याकडे नोंदणी किंवा परवाना हवा. परकीय गुंतवणूक नसल्यामुळे ज्यांना हा नियम लागू होत नाही अशा कंपन्याही दारावर व्यापाऱ्यांसाठी अशीच पाटी लावतात. माझ्या खरेदीच्या भावात माझंच गिऱ्हाईक माल नेतं, मग सोमवारी माझ्याकडे येऊन विचारतं, "काकू, तुम्ही साखर एवढी महाग का देता?" त्याला काय सांगायचं? महिनाअखेर उधारी मी लिहिते, रात्री साडेदहाला दही-दूध मी देते, पाच रुपयांचं जिरं पुडी बांधून मी देते, आणि भावात मात्र माझी तुलना थेट तुमच्याशी. तुम्हाला घरगुती गिऱ्हाईकच हवं असेल तर तसं किरकोळीचं दुकान काढा, राजरोस काढा, आम्ही त्याच्याशी आमच्या परीने स्पर्धा करू. आमच्या कागदपत्रांवर दार उघडून ते दुसऱ्यांसाठी धरून ठेवू नका. कार्डावर फोटो आहे, तो बघायला काउंटरवर दोन सेकंद लागतात.

बाहेर पडताना बिल तपासतात त्याबद्दल पुष्कळ दुकानदार रागावतात, मला त्यात काही वावगं वाटत नाही. माल मोठा असतो, चूक दोन्हीकडून होते. एकदा त्या तपासणीतच आमच्या बिलात जास्त लागलेली तेलाची पेटी सापडली आणि पैसे जागेवर परत मिळाले. फक्त तपासणाऱ्या मुलाला बसायला खुर्ची द्या. बारा तास उभी असतात ती पोरं.

ही सगळी मागणी मी एकटी करत नाही. बदलापूर-अंबरनाथच्या बऱ्याच दुकानदारांनी हे पत्र वाचून मग पाठवायला सांगितलं आहे. यंदा दिवाळीचा माल आम्ही गणपती उठले की भरायला लागतो: पोहे, रवा, बेसन, मैदा, वनस्पती, साखर. वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी. त्याच्या आधी, म्हणजे श्रावण संपायच्या आत, प्रत्येक दुकानात एखाद्या मंगळवारी दुपारी कार्डधारकांना बोलवा. मंगळवारी आमच्याकडे बाजार बंद असतो, सगळे येतील. खरेदी विभागातला एक माणूस पाठवा, ज्याला निर्णय घेता येतो असा. मुदतीचा माल, परतीची अट, भावाची पाटी आणि कर उतरल्यावरचा फरक, या गोष्टींवर काय करणार आणि काय नाही ते तिथे सांगा आणि नंतर छापून दाराशी लावा, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात. जे जमणार नाही तेही लिहा. मग दिवाळीचा कुठला माल तुमच्याकडून घ्यायचा, कुठला एजन्सीकडून आणि कुठला वाशीहून आणायचा, ते आम्हाला आमच्या वह्या उघडून ठरवता येईल.

उत्तराची वाट बघते.

आपली,
बदलापूरची एक किराणा दुकानदार